चुकलेला व्हर्जन नंबर लपवू नका, पुढचा नंबर द्या!

भातकुलीत बसून कृषी सेवा केंद्रासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवता येतं. पण गिऱ्हाईक आलं की घाईही येते. समजा, तुम्ही १.४.० पाठवलं आणि संध्याकाळी कळलं, सवलतीचा हिशोब चुकतोय. बरेच जण काय करतात? दोन ओळी दुरुस्त करतात आणि त्याच १.४.० नावानं फाईल पुन्हा पाठवतात. "कोणाला काय कळते भाऊ!"

माझं मत स्पष्ट आहे: हे कधीच करू नका.

उद्या दोन दुकानदारांचे फोन येतील. दोघंही म्हणतील, "आमच्याकडे १.४.० आहे." एकाचा हिशोब बरोबर, दुसऱ्याचा चूक. आता फोनवरून ओळखणार कसं?

म्हणूनच जावास्क्रिप्टच्या एनपीएमवर एकदा दिलेला व्हर्जन नंबर, पॅकेज काढून टाकलं तरी, पुन्हा वापरता येत नाही. पायथॉनच्या पायपीआयवरही काढलेल्या फाईलचं नाव पुन्हा चालत नाही. तिथे खराब व्हर्जनवर 'यँक्ड' असा शिक्का मारतात आणि दुरुस्ती नव्या नंबरनं देतात.

हे तुम्हाला नवीन नाही. जीएसटीचं बिल रद्द झालं तर तो नंबर आपण दुसऱ्या बिलाला देतो का? नाही. जीएसटीआर-१ मध्ये किती बिलं रद्द झाली तेही दाखवावं लागतं. सॉफ्टवेअरला तोच न्याय लावा.

दुसरी चूक: १.५ ऐवजी १५.० टाकलं गेलं. मागे येऊ नका. अपडेट तपासणारी यंत्रणा १.६ ला जुनं समजते. पुढे १५.१ द्या, हसं झालं तरी चालेल. प्ले स्टोअरच्या आतल्या व्हर्जन कोडला तर जास्तच जपा. तो दर अपडेटला वाढलाच पाहिजे आणि त्याची कमाल मर्यादा २१०,००,००,००० आहे. तिथे पोचलात तर त्या ॲपचं पुढचं अपडेट बंद!

चूक झाली की तीन कामं करा: १.४.० मागे घ्या, १.४.१ द्या, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला मेसेज करा: "१.४.० मध्ये सवलतीचा हिशोब चुकत होता, कृपया १.४.१ घ्या. १.४.० वर काढलेली बिलं तपासून घ्या."

नवीन नंबरला एक रुपया लागत नाही. गेलेला भरवसा मात्र परत विकत मिळत नाही, बरं का!