‘अपेक्षित’ राक्षस

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून काही जण हसतील. हसा. बहात्तर-त्र्याहत्तराव्या वर्षी बाईंना हे काय सुचलं, असंही म्हणतील. म्हणा. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेला, आणि गणिताच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास घेतलेला. तेवढ्या भांडवलावर बोलते आहे.

विषय आहे पोकेमॉन गो. रस्त्याने चालत राहायचं, मोबाइलमध्ये दिसणारे राक्षस पकडायचे, वाढवायचे. हा खेळ २०१६ च्या जुलैत परदेशात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जिओशी हातमिळवणी करून रीतसर भारतात. २०१७ च्या जूनमध्ये त्यात ‘रेड’ आली. रेड म्हणजे चढाई. एखाद्या जागी एक महाबली राक्षस येऊन बसतो आणि जमलेल्या खेळाडूंनी आपापले सहा-सहा राक्षस घेऊन ठरलेल्या वेळात त्याला लोळवायचं. मी संध्याकाळच्या फेरीला मांडवीकडे निघते तेव्हा आळीतली दोन मुलं सोबत असतात, आणि आमची चढाई तिघांची असते. कधीमधी चौथा मिळतो.

माझं भांडण खेळाशी नाही. भांडण आहे ते भाकितांशी. “पुढच्या महिन्यात अमुक येतोय, तोच सगळ्यात जबरदस्त हल्लेखोर ठरणार, कँडी साठवा, पास घेऊन ठेवा, बाकी कशावर स्टारडस्ट उधळू नका.” असे व्हिडिओ आणि अशा याद्या दर आठवड्याला येतात, आणि मुलं त्या पाठ करतात. हो, पाठ करतात! विचारलं, “अरे, हाच का पहिला?” तर उत्तर मिळतं, “यादीत आहे, बाई.”

हे उत्तर मी नोकरीत असताना हजारदा ऐकलेलं आहे. दहावीच्या मुलाला विचारावं, हाच प्रश्न का वाचतोस? तर म्हणायचा, “एकवीस अपेक्षितमध्ये आहे.” अपेक्षित प्रश्नसंचाने मुलं पास होत नसत असं नाही. होत. पण प्रश्न जरा फिरवून आला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. उत्तर होतं, पायऱ्या नव्हत्या. त्या रोगाने आता खेळातही शिरकाव केला आहे, आणि खेळात तरी तो येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता कुणी म्हणेल, बाईंचा भाकितालाच विरोध आहे. मुळीच नाही. आपल्या पंचांगात दोन प्रकारची भाकितं शेजारी शेजारी छापलेली असतात. एक ग्रहणाचं आणि एक राशिभविष्याचं. ग्रहण मिनिटावर लागतं, कारण त्यामागे गणित आहे. राशिभविष्याचं काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. आमच्या किनाऱ्यावरची जुनी माणसं पाऊणकीच्या पाढ्यावर भरती सांगायची. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. हेही भाकितच. पण ते कसं काढलं हे सांगता येतं, तपासता येतं, चुकलं तर कुठे चुकलं तेही कळतं.

राक्षसांच्या भाकितातही या दोन्ही जाती आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्या वेगळ्या ओळखायला शिकवा.

आधी त्यातलं ग्रहणाचं गणित बघू. एका फटक्याने किती नुकसान होतं याचं सूत्र खेळाडूंनी शोधून काढलेलं आहे. चालीची ताकद, गुणिले आपला हल्ला, भागिले समोरच्याचा बचाव, त्याचं निम्मं करायचं. मग चाल राक्षसाच्या स्वतःच्या जातीची असेल तर १.२ ने गुणायचं. समोरच्याला ती जात बाधत असेल तर १.६ ने, दुहेरी बाधत असेल तर २.५६ ने. हवामान साथीला असेल तर आणखी १.२ ने. शेवटी अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. झालं. सातवी-आठवीच्या मुलाला हे जमतं. आणि ते ‘अपूर्णांक सोडून द्यायचा’ किती महत्त्वाचं आहे बघा. हिशेब ७.२ आला काय आणि ७.९ आला काय, फटका आठाचाच. ७.२ चा ७.९ करायला मुलाने ओतलेला स्टारडस्ट त्या चालीपुरता पाण्यात.

नव्या राक्षसाचे हल्ला-बचावाचे आकडे आधी सांगता येतात हेही खरं. पोकेमॉनच्या मूळ खेळातल्या आकड्यांवरून या खेळातले आकडे कसे बनतात ते लोकांनी उलगडलेलं आहे. चाळिसाव्या पातळीला ज्याचा सीपी ४,००० च्या वर जाईल त्याचे आकडे नऊ टक्क्यांनी कापले जातात, इथपर्यंत. इतकं सगळं ग्रहणाच्या बाजूचं. त्याबद्दल त्या मंडळींना माझा नमस्कार.

पण नव्या राक्षसाला चाली कोणत्या मिळतील? ते कंपनी ठरवते. आणि इथून राशिभविष्य सुरू होतं.

उदाहरण घ्या स्लॅकिंगचं. सीपीचा आकडा असा की भलेभले दिग्गज त्याच्यापुढे खुजे दिसावेत. पण त्याची झटपट चाल कोणती? जांभई! खरोखरच जांभई, आणि तिची ताकद शून्य. नुसता आकडा बघून ज्याने त्याला चढाईला नेला, तो समोरच्या राक्षसापुढे जांभया देत बसला. याच्या उलट मेटाग्रॉस. आकडे पहिल्यापासून चांगले, पण पोलादी हल्लेखोर म्हणून बेताचा. २०१८ च्या ऑक्टोबरात एका कम्युनिटी डेला त्याला ‘मिटिओर मॅश’ ही चाल मिळाली आणि एका दुपारीत तो पोलादी हल्लेखोरांत पहिला झाला. आदल्या दिवशीची प्रत्येक यादी दुसऱ्या दिवशी रद्दी. चाली ठाऊक नसताना “हाच पहिला येणार” म्हणणं म्हणजे मोहोर बघून आंब्याच्या पेट्या मोजणं. आमच्याकडे असं मोजणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत. मध्ये तुडतुडे आहेत, अवकाळी आहे, ऊन आहे.

न्याय म्हणून हेही सांगते, की भाकितं खरीही ठरतात. मेगा रेक्वाझा आला की ड्रॅगन जातीत त्याच्यापुढे कुणी टिकणार नाही, असं जाणकार आधीपासून सांगत होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो आला आणि तसंच झालं. पण तिथे आकडे काढता येत होते आणि साध्या रेक्वाझाच्या चाली आधीच सगळ्यांना ठाऊक होत्या. म्हणजे ते ग्रहण होतं. त्या एका ग्रहणाच्या पुण्याईवर वर्षभर राशिभविष्य विकायचं, याला माझा विरोध आहे.

कबड्डीवाल्यांना हे चटकन पटेल. २०१७ च्या प्रो कबड्डीत प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण घेतले. २०२१ च्या लिलावात त्याला १ कोटी ६५ लाखांची बोली लागली, आणि त्या पर्वात तो ३६९ च्या जवळपासही गेला नाही. खेळाडू वाईट झाला का? नाही. संघ बदलला, साथीदार बदलले, समोरचे कोपरारक्षक त्याला ओळखून बसले. चढाईपटूची ताकद एकट्याची नसते. समोर कोण आणि सोबत कोण, यावर ती ठरते.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. या याद्या कुणासाठी असतात? पाच तारांच्या चढाईत समोरच्याचं आयुष्य १५,००० आणि आपल्या हाती ३०० सेकंद. म्हणजे दर सेकंदाला ५० नुकसान व्हायला हवं. मोठ्या शहरात वीस खेळाडू जमले तर एकेकाच्या वाट्याला अडीच. अडीच! तिथे यादी वाचा नाहीतर नका वाचू, राक्षस पडणारच. आम्हा तिघांच्या वाट्याला येतात जवळजवळ १७. गंमत अशी की याद्यांचा सगळ्यात मोठा गाजावाजा तिथे, जिथे त्यांची गरज सगळ्यात कमी. आणि ज्या गावात एकेक गुण मोलाचा, तिथल्या मुलाला यादी उपयोगी पडत नाही. कारण ती सर्वोच्च पातळीचा, पूर्ण गुणांचा, हव्या त्या चालींचा राक्षस धरून केलेली असते. ही अट यादीखाली बारीक इंग्रजीत लिहिलेली असते, किंवा नसतेच. मराठी शाळेतल्या मुलापर्यंत पहिला क्रमांक पोचतो, अट पोचत नाही.

आणि यादीत आमचा पाऊस नसतो. या खेळात पाऊस पडत असला की पाणी, वीज आणि कीटक या जातींच्या चालींना वीस टक्के बळ मिळतं. बर्फाच्या चालींना बळ मिळतं ते हिमवृष्टीत. रत्नागिरीत जूनपासून पावसाची झड लागते, हिमवृष्टी कुणाच्या पणजोबांनीही पाहिलेली नाही. समजा कायोगर आला. तो पाण्याचा, त्याला गवतही बाधतं आणि वीजही. मग न्यायचं कुणाला? भर पावसात विजेचा फटका गवतापेक्षा जड. पण कायोगरचं पाणीही पावसात चढतं, आणि ते गवताला कमी लागतं, विजेला पुरतं लागतं. त्यात त्याच्याकडे ‘ब्लिझार्ड’ असेल तर गवतवाले पटापट गारठतात. म्हणजे उत्तर त्या दिवसाचं, त्या आभाळाचं, त्या चालीचं. पुण्या-मुंबईत बसून महिनाभर आधी ते कोण सांगणार?

आम्ही वहीत केलेला हिशेब सांगते. समजा आम्ही तिघं मिळून सेकंदाला ४२ करतो. ३०० सेकंदांत १२,६००. हरलो. तेच राक्षस पावसाच्या साथीचे असते तर ४२ चे ५०.४, आणि एकूण १५,१२०. काठावर जिंकलो! प्रत्यक्षात आपला राक्षस पडून दुसरा उभा राहीपर्यंत सेकंद जातात, म्हणून थोडं वरचढच लागतं. पण बघा, यादीतला एकही नवा राक्षस न आणता निकाल फिरला.

यात पैशाचाही प्रश्न आहे. आळीतल्या एका मुलाने दिवाळीत ओवाळणीचे मिळालेले पैसे एका ‘येऊ घातलेल्या’ राक्षसाच्या पासांवर घातले. त्याला हवा होता शंभर टक्के गुणांचा. मी त्याला पाटीवर मांडून दाखवलं. ड्रॅगोनाइटचा हल्ल्याचा मूळ आकडा २६३. जन्मजात गुण शून्यापासून पंधरापर्यंत. पूर्ण पंधरा मिळाले तर २७८. फरक सहा टक्क्यांहूनही कमी! तेच शॅडो जातीच्या ड्रॅगोनाइटला हल्ल्यात वीस टक्के वाढ. तो पटकन पडतो हे खरं, पण शून्य गुणांचा शॅडोसुद्धा फटक्यात पूर्ण गुणांच्या साध्याला मागे टाकतो. मुलगा पाटीकडे बघत राहिला. म्हणाला, “हे कुणी सांगितलंच नाही.” कुणी सांगावं? सांगणाऱ्याला पायऱ्यांत रस नसतो, बघणाऱ्यांच्या संख्येत असतो.

लहान गावांना दूरच्या चढाईत घरबसल्या भाग घेण्याचा पास २०२० मध्ये मिळाला होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याची किंमत १०० नाण्यांवरून १९५ झाली. एका पासाची चूक जवळजवळ दुप्पट महाग पडू लागली. अशा वेळी “डोळे मिटून घ्या” असा सल्ला देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. “बाई, खेळच आहे तो. इतकं काय?” खेळच आहे म्हणून तर! परीक्षेत मुलाला चुकायची भीती असते, घरात मार्कांची. खेळ ही एकच जागा उरली आहे जिथे त्याने अंदाज करावा, तो चुकावा, का चुकला ते शोधावं आणि पुन्हा करावा. तिथेही आपण त्याच्या हातात गाइड दिलं तर तो विचार करायला शिकणार कुठे? उद्या हाच मुलगा शेअरची टिप, कर्जाची जाहिरात, निवडणुकीचा अंदाज याच डोळ्यांनी वाचणार आहे. “यादीत आहे, बाई.”

आणखी एक. सूर्य-चंद्र आपले नियम बदलत नाहीत, कंपनी बदलते. चालींची ताकद अधूनमधून कमीजास्त होते. २०२५ मध्ये तर हा खेळच नायँटिककडून स्कोपलीकडे गेला. म्हणजे चोख गणितालाही इथे तारीख लागते.

म्हणून यादी करणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. यादीवर तारीख घाला. कोणती पातळी, कोणत्या चाली, कोणतं हवामान धरलं ते वर, ठळक लिहा. आणि जे अजून आलेलंच नाही त्याच्याबद्दल ‘ठरणार’ लिहू नका. ‘ही चाल मिळाली तर ठरेल’ असं लिहा. एका ‘तर’ने कुणाची अब्रू जात नाही.

आणि पालकांनो, मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावून घेण्याआधी एकदा त्याला विचारून बघा, “तू हाच राक्षस का घेतलास?” त्याने कारण सांगितलं, तर ते चुकीचं असलं तरी त्याला खेळू द्या. आमच्या शाळेत उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळत.