व्याज उतरविणारे परोपकारी

परोपकार हा गुण जगांतून नाहींसा होत चालला आहे, अशी तक्रार आपण नेहमीं ऐकतों. परंतु सांप्रत टेलिफोनवरून जें कांहीं कानीं पडतें, त्यावरून पाहतां ही तक्रार निराधार ठरावी. दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी जरा कुठें लवंडते, तोंच घंटा वाजते आणि एक गोड आवाज विचारतो, "आपल्या क्रेडिट कार्डावर फार व्याज पडतें ना? तें आम्ही निम्म्यावर आणून देतों." ज्यानें आपणांस कधीं पाहिलें नाहीं, ज्याचें नि आपलें ना गोत्र एक ना गांव एक, त्याला आपल्या व्याजाची एवढी काळजी! असा हितचिंतक भेटला म्हणजे त्याचे आभार मानण्यापूर्वीं एकच प्रश्न मनाशीं विचारावा: व्याज कमी करण्याचा अधिकार कोणाचा?

याचें उत्तर शाळेंतल्या मुलालाही देतां येईल. ज्यानें कर्ज दिलें, त्याचा. क्रेडिट कार्ड दिसावयास कितीही चकचकीत असलें, तरी वस्तुतः ती बँकेनें आपल्या नांवावर उघडलेली उधारीची वही आहे. त्या वहींतील व्याजाचा दर बँक ठरविते व बँकच तो बदलूं शकते. वाण्याच्या वहींतील आपली बाकी रस्त्यानें जाणाऱ्या तिऱ्हाइतानें खोडावी आणि वाण्यानें तें मान्य करावें, असें कधीं घडलें आहे काय? मग बँकेच्या बाबतींत तें घडेल असें चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांस कां वाटावें?

तीं माणसें मूर्ख असतात म्हणून नव्हे. तीं अडचणींत असतात म्हणून. ही अडचण किती मोठी असते हें कळावें यासाठीं थोडें गणित करूं. समजा, एका कार्डावर १,००,००० रुपये बाकी आहेत आणि दर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे साध्या हिशेबानें वर्षास ४२ टक्के आहे. असा दर आपल्या देशांत मुळींच विरळा नाहीं. एका महिन्याचें व्याज ३,५०० रुपये झालें. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला तर आणखी ६३० रुपये. आतां कार्डधारकानें ५,००० रुपये भरले, तर त्यांपैकीं ४,१३० रुपये व्याजांत व करांत गेले, आणि मूळ कर्ज फिटलें तें अवघें ८७० रुपयांनीं. शिवाय मागील बाकी शिल्लक असतां नवीन खरेदी केली, तर बिनव्याजी मुदत मिळत नाहीं. त्या खरेदीवरही लगेच व्याज चढूं लागतें.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत शंभर पणांस दरमहा सव्वा पण हें धर्म्य व्याज सांगितलें आहे. व्यापाराच्या व्यवहारास पांच, अरण्यांतून माल नेणारांस दहा आणि समुद्रावरून व्यापार करणारांस वीस पण, अशी त्यानें धोक्याप्रमाणें पायरी लावली आहे. आमचा गृहस्थ ना अरण्यांत जातो ना समुद्रांत. घरीं बसून शालू आणि कपाट विकत घेतो, आणि धर्म्य व्याजाच्या जवळजवळ तिप्पट व्याज देतो. अशा माणसाला 'तुमचें व्याज उतरवितों' हे शब्द अमृतासारखे लागले तर नवल नाहीं. ठकाजवळ विकावयास दुसरा माल नसतो. आपली तळमळ हाच त्याचा माल.

हा व्यापार अमेरिकेंत कसा चालला तें पाहण्यासारखें आहे, कारण आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें व सुना तिकडे नांदत आहेत. तेथें टेलिफोन उचलतांच 'मी रेचेल, कार्डहोल्डर सर्व्हिसेसमधून बोलत आहें' असें एक बाई सांगे. ही बाई म्हणजे केवळ ध्वनिमुद्रित आवाज. 'एक'चें बटण दाबलें कीं खरा मनुष्य येई, कार्डावर बाकी किती तें विचारी, हजारों डॉलर वांचतील असें वचन देई, काम न झाल्यास पैसे परत अशी ग्वाहीही देई, आणि त्याच कार्डावर आपली फी चढवी. ही फी कांहींशें डॉलरांपासून जवळजवळ ३,००० डॉलरांपर्यंत असे. कर्ज उतरविण्याचें पहिलें पाऊल म्हणजे कर्ज वाढविणें! पुढें बहुतेकांच्या पदरांत कांहींच पडत नसे. फार झालें तर तो मनुष्य गिऱ्हाइकाला फोनवर ठेवून त्याच्याच बँकेला दर कमी करण्याची विनंति करी. आणि ही विनंति तर गिऱ्हाइकास स्वतः, एक पैही न देतां, करतां आली असती.

तेथील सरकार स्वस्थ बसलें होतें असें नाहीं. ग्राहकाची लेखी संमति नसतां विक्रीसाठीं असे ध्वनिमुद्रित फोन करणें अमेरिकेंत सप्टेंबर २००९ पासून बेकायदा आहे. फोनवरून कर्जमुक्तीची सेवा विकणारानें कर्ज प्रत्यक्ष कमी होण्याआधीं फी घेणें ऑक्टोबर २०१० पासून निषिद्ध आहे. तरीही फोन चालूच राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्यें तेथील फेडरल ट्रेड कमिशननें या 'रेचेल'मागील कंपन्यांवर अ‍ॅरिझोना व फ्लॉरिडा येथें पांच फिर्यादी दाखल केल्या. असे फोन अडविण्याची युक्ति काढणारास ५०,००० डॉलरांचें बक्षीसही लावलें, आणि तें एप्रिल २०१३ मध्यें दोघांस वांटून दिलें. एवढें होऊनही हा प्रकार समूळ गेला नाहीं. आवाज आणि नांवें तेवढीं बदललीं. मात्र त्या कायद्यांतून एक कसोटी आपणांस फुकट मिळाली आहे: काम होण्याआधींच जो पैसे मागतो, तो परोपकारी नव्हे.

आपल्या देशांतील रीत थोडी निराळी आहे, आणि तिचें कारण समजून घ्यावें. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें १ ऑगस्ट २००९ पासून कार्डानें ऑनलाइन खरेदी करतांना कार्डावरील आंकड्यांखेरीज आणखी एक खूण पटवावी लागते. ही खूण बहुधा आपल्या मोबाइलवर येणारा ओटीपी असते. म्हणजे पेटीला दोन कुलपें झालीं. पहिल्या कुलपाची किल्ली, म्हणजे कार्डाचा क्रमांक, चोरास अनेक मार्गांनीं मिळते; दुसरी आपल्या हातांत असते. म्हणून येथला ठक फीसाठीं घासाघीस करीत बसत नाहीं. 'व्याजदर बदलण्यासाठीं एक क्रमांक आला असेल, तो वाचून दाखवा', एवढेंच तो म्हणतो. वास्तविक तो क्रमांक व्याजदराचा नसून, त्याच क्षणीं तो जी खरेदी करीत असतो तिचा असतो. संदेशांत बहुधा रक्कमही लिहिलेली असते. परंतु ऐकणाराचें लक्ष आवाजाकडे असतें, अक्षरांकडे नसतें. 'आधीं प्रश्न पुरता वाचा, मग उत्तर लिहा', असें आम्ही जन्मभर वर्गांत सांगत आलों. तेंच येथें सांगतों. कधीं कधीं तो फोनमध्यें एखादें अ‍ॅप घ्यावयास लावतो. तें घेतलें कीं आपल्या फोनचा पडदा त्यालाही दिसूं लागतो, आणि मग विचारण्याचीही गरज उरत नाहीं.

फोनच्या पलीकडे कोण असतें, याचाही विचार आपल्या घरांनीं केला पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाण्याच्या पोलिसांनीं मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेंहून अधिक लोकांस चौकशीसाठीं ताब्यांत घेतलें. तेथून अमेरिकन नागरिकांस 'आम्ही कर खात्याचे अधिकारी आहों' असें धमकावून पैसे उकळले जात. तेथें व्याजाचें आमिष नव्हतें, दंडाचें भय होतें, एवढाच भेद. बोलणारे होते ते इंग्रजी येणारे तरुण. मुलास नवी नोकरी लागली कीं पगार किती हें आपण पहिल्याच दिवशीं विचारतों. काम काय, हेंही त्याच दिवशीं विचारावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. थोरल्या मुलानें बहिणीच्या लग्नांत कांहीं खर्च कार्डावर केला आणि कोणास न सांगतां दरमहा किमान रक्कम भरीत राहिला. दोन वर्षांनीं त्यास असाच फोन आला. त्यानें क्रमांक वाचून दाखविला आणि ४६,००० रुपये गेले. हें झालें मंगळवारीं. घरांत कळलें तें पुढच्या आठवड्याच्या गुरुवारीं. मधल्या नऊ दिवसांत त्यानें ना बँकेस कळविलें, ना पोलिसांस. कारण चोरी सांगावयाची तर आधीं कर्ज सांगावें लागलें असतें. शेवटीं त्याच्या पत्नीनें धीर केला.

"मामंजी, एक सांगावयाचें आहे. आपण रागावूं नये."

"बैस, सूनबाई. आधीं सांग, सारीं माणसें सुखरूप आहेत ना?"

"हो."

"मग रागावण्याची घाई नाहीं. सांग."

त्या गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें, मुलास हांक मारून कागद मागविले, आणि दोघे मिळून बँकेंत गेले. चोरीचे पैसे परत आले नाहींत. तेवढ्या दिवसांत ते कोठल्या कोठें गेले होते. परंतु वडिलांच्या मुदतठेवीवर पुष्कळ कमी दरानें कर्ज काढून कार्डाची बाकी एकदम फेडून टाकली. आतां मुलगा तें कर्ज पगारांतून फेडीत आहे. म्हणजे व्याज खरोखरच उतरलें. आणि तें उतरविण्याची सोय दोन वर्षें घरांतच होती.

या प्रकरणांत ठकानें काय साधलें? बाप आणि लेक यांच्यामध्यें जी न बोललेली गोष्ट होती, तिच्यांत त्यानें पाय ठेवला. एकत्र कुटुंबांत चूल एक असते, पण मनांतली वही एक असतेच असें नाहीं. कर्ज उच्चारल्याबरोबर जेथें 'आम्हीं तुमच्या वयांत असें कधीं केलें नाहीं' हा पाढा सुरू होतो, तेथें पुढचें कर्ज वडिलांस न सांगतां फोनवरच्या परक्यासच सांगितलें जातें. तो निदान गोड बोलतो! हें वाक्य कडू वाटेल; परंतु आमच्या वयाच्या वाचकांसाठींच तें लिहिलें आहे.

उपाय कठीण नाहींत. असा फोन आला तर वाद न घालतां ठेवून द्यावा. व्याजाचा त्रास खरोखरच असेल तर कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन बँकेस फोन करावा, किंवा शाखेंत जावें, आणि दर कमी होईल काय, बाकीचे हप्ते पाडून मिळतील काय व त्यांचा दर किती, हें स्पष्ट विचारावें. ठेवीवर किंवा सोन्यावर कमी दरानें कर्ज मिळत असेल तर त्यानें कार्डाची बाकी फेडावी. मात्र ती फिटेपर्यंत कार्ड कपाटांत ठेवावें, नाहीं तर एकाचीं दोन कर्जें होतात. बँकेशीं तंटा असेल आणि तिजकडून दाद लागली नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते.

जानेवारी २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकांस अशी आज्ञा केली कीं, ग्राहकांस व्यवहारासंबंधीं फोन करावयाचा तो १६०० नें आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरून, आणि जाहिरातीचा १४० नें आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरून. साध्या मोबाइल क्रमांकावरून 'बँक' बोलूं लागली तर तेथेंच संशय धरावा. आणि क्रमांक कोणताही असो, ओटीपी सांगूं नये. खऱ्या बँकेस तो तोंडीं विचारावा लागत नाहीं.

इतकें करूनही चूक झालीच, तर लाज बाजूस ठेवून त्याच घटकेस बँकेस कळवून कार्ड बंद करावें आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जुलै २०१७ च्या परिपत्रकांत रिझर्व्ह बँकेनें तत्त्व घालून दिलें कीं, ग्राहकानें स्वतः गुप्त क्रमांक सांगितला असल्यास बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, आणि कळविल्यानंतरचें बँकेचें. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असतात. ते वाटेंत अडविले जाण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच असते. म्हणून घरांत बोलावयास लागणारा वेळ हा येथें केवळ मनाचा प्रश्न नाहीं. तो पैशाचाही आहे.

आमची सूचना एवढीच कीं, महिन्यांतून एका रविवारीं दुधाच्या व किराण्याच्या हिशेबाबरोबर घरांतील प्रत्येक कार्डाचा कागदही सर्वांसमोर मांडावा, आणि पहिला कागद घरांतील वडिलांनीं आपला मांडावा. त्या बैठकींत कोणीं कोणास टोचून बोलूं नये. बाकी किती, दर किती, आणि ती कोठून फेडावयाची, एवढ्याच तीन गोष्टी बोलाव्या. मग दुपारीं तो गोड आवाज पुन्हा आला, तर घरांतील कोणीही, अगदीं नवी सूनही, त्यास निर्धास्तपणें सांगूं शकेल कीं आमच्या व्याजाचें काय करावयाचें तें आमच्या घरीं ठरलें आहे.