चांदीच्या पाण्याचा बदलता रंग

एकोडीतील माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला तो हातात काचेची बाटली घेऊनच. चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडून व त्यांना विजेऱ्या जोडून त्याने घरीच ‘चांदीचे पाणी’ तयार केले होते. वृद्ध आईच्या दम्यावर ते द्यावयाचे होते. “सर, कालपर्यंत पिवळसर होते, आज करडे झाले. काय चुकले असेल?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक. तथापि रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले उत्तर असे. चांदीचे अतिसूक्ष्म कण जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून द्रव पिवळा दिसतो. तेच कण एकमेकांस चिकटून मोठे झाले की तो तपकिरी, करडा होत जातो व तळाशी गाळ साचतो. विहिरीच्या पाण्यातील क्षारांमुळे दुधी गढूळपणा येतो आणि उजेडात तो काळवंडतो. द्रव रंगहीन राहिला तरी त्यात विरघळलेली चांदी असू शकते. तात्पर्य, रंगावरून मात्रा कळत नाही.

परंतु खरा प्रश्न रंगाचा नाहीच. रंग मनासारखा साधला, तरी ते पाणी औषध ठरत नाही. पोटात घ्यावयाची अशी चांदी सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 मध्येच दिला. दीर्घकाळ सेवन केल्यास चांदी त्वचेत साठून अंगास निळसर-करडी छटा येते, व ती बहुधा कायमची असते. भारतीय मानकानुसार पेयजलात दर लिटरला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा अधिक चांदी असू नये. घरगुती द्रवात ती 10 मिलिग्रॅम असली, तर मर्यादेच्या शंभरपट झाली!

चांदी जंतुनाशक आहे, हे कोणी नाकारीत नाही. 2009 मध्ये टाटांनी बाजारात आणलेल्या ‘स्वच्छ’ जलशुद्धीकरण यंत्रात आमच्या धानपट्ट्याला परिचित अशा तुसाची राख व चांदीचे सूक्ष्म कण वापरले होते. पण पाणी शुद्ध करणे वेगळे आणि रोग बरा करणे वेगळे. विक्रेत्याला मालाचा कस ठाऊक असतो व ग्राहकाला नसतो, तेव्हा बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखविले. येथे तर करणाऱ्यालाही कस ठाऊक नाही!

तरीही या तरुणास अडाणी म्हणून हसणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांची फी, बसभाडे, बुडालेली मजुरी यांचा हिशेब त्याने केला होता. लांबलेल्या उपचाराचा मात्र केला नव्हता. गावाजवळ वेळेवर डॉक्टर आणि औषध मिळेल, तर तारा-विजेऱ्यांचा हा खटाटोप कोण कशाला करील? ती जबाबदारी शासनाची आहे.

बाटली मी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन साकोलीस गेला. त्या दिवसाची मजुरी अर्थातच बुडाली.