आठवीपर्यंत शिकलेल्या नाझची सोयीची गोष्ट

एक गोष्ट आजकाल फार फिरते. प्रेरणादायी व्याख्यानांत फिरते, मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंत फिरते आणि आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरते. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला एक काळा मुलगा आठवीनंतर शाळा सोडतो, विशीत एक अल्बम काढतो आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्याच्या नावाची फेलोशिप सुरू होते. तात्पर्य काय? डिग्रीत काय ठेवलंय, अंगात हुनर पाहिजे!

मुलाचं नाव नासिर जोन्स. जग त्याला नाझ म्हणून ओळखतं. गोष्टीतला तपशील सगळा खरा आहे. तात्पर्य तेवढं खोटं आहे. हे खोटं टिकून राहिलं, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. सरकारच्या सोयीचं, संस्थाचालकांच्या सोयीचं आणि (राग मानू नका) आमच्या, म्हणजे शिक्षकांच्याही सोयीचं. मूल शाळेतून गळालं तरी चालतं, हुशार असेल तर वर येईलच, असं एकदा मानलं की कोणालाच जाब द्यावा लागत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. रॅप हा माझा प्रांत नाही, असं माझे सहकारी म्हणतात. मला वाटतं तो माझाच प्रांत आहे. म्हणून हा लेख.

अल्बमचं नाव 'इलमॅटिक'. उर्दूच्या शिक्षिकेला त्यात आधी 'इल्म' ऐकू येतो, पण तो निव्वळ योगायोग. तिथल्या रस्त्यावरच्या बोलीत 'इल' म्हणजे जबरदस्त, अफलातून. 19 एप्रिल 1994 ला कोलंबिया रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. सुरुवातीचा छोटा तुकडा धरून दहा ट्रॅक, जेमतेम चाळीस मिनिटं. बाजारात यायच्या आधीच त्याच्या चोरट्या कॅसेटी न्यूयॉर्कभर विकल्या जात होत्या. 'द सोर्स' या हिप-हॉपच्या मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले. नाझ तेव्हा वीस वर्षांचा होता.

आता थोडं मागे जाऊ. 1973 साल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने एका इमारतीत पार्टी केली. हिप-हॉपचा जन्म तिथे झाला असं मानतात. पुढच्याच महिन्यात नासिरचा जन्म झाला. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नर रॉकफेलर यांचे अमली पदार्थांविषयीचे कडक कायदे आले. जवळ ठराविक वजनाचा माल सापडला की न्यायाधीशाने परिस्थिती बघायची नाही, किमान इतकी वर्षं आत टाकायचंच, असा त्यांचा कारभार. गाणं, गाणारा आणि गाण्याचा विषय, तिघेही एकाच वर्षाचे.

दोन वर्षांनी, 1975 मध्ये, न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं. हजारो शिक्षकांना घरी पाठवलं गेलं आणि संगीत-चित्रकलेच्या तासांवर आधी कुऱ्हाड पडली. पैसा संपला की आधी कोणता शिक्षक 'जादा' ठरतो, हे आम्हा भाषेच्या आणि कलेच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

नासिर वाढला तो क्वीन्सब्रिज हाउसेसमध्ये. 1939 साली सुरू झालेली ही सरकारी घरांची वसाहत. तीन हजारांहून जास्त घरं. उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी. नदीपलीकडे मॅनहॅटनच्या चकचकीत इमारती दिसतात, इकडे ऐंशीच्या दशकात क्रॅक नावाच्या नशेने गल्ल्या पोखरल्या. 1986 च्या केंद्रीय कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, तीच शिक्षा कोकेनच्या पावडरीला 500 ग्रॅमवर ठेवली. पावडर श्रीमंतांची, क्रॅक गरिबांचं. शंभराला एक हे प्रमाण 2010 पर्यंत कायद्यात होतं.

अशा वस्तीतल्या शाळेतून हा मुलगा आठवीनंतर बाहेर पडला. त्याचे वडील ओलू दारा स्वतः जाझ वादक. शाळा मुलांना काही देत नाही, उलट त्यांचं नुकसान करते, असं त्यांचं मत झालं होतं आणि मुलांनी ती सोडली तर त्यांची हरकत नव्हती. एका सुजाण बापावर हे म्हणायची वेळ यावी, यात बापाचा दोष किती आणि शाळेचा किती? प्रेरणादायी व्याख्यानांत हा प्रश्न कधी येत नाही. 'नाझने शाळा सोडली' हे वाक्य सगळे म्हणतात. शाळेने त्याला कधीच सोडलं होतं, हे म्हणायला जीभ रेटत नाही.

बरं, शाळा सोडल्यावर तो शिकला कुठे? कारण शिकल्याशिवाय 'इलमॅटिक' लिहिता येत नाही.

पहिली शाळा घर. वडील पुढे घरातून वेगळे झाले, पण घरात पुस्तकं होती, वाद्यं होती, आणि टपाल खात्यात नोकरी करून दोन मुलांना सांभाळणारी आई होती. अल्बमच्या मुखपृष्ठावर सात वर्षांच्या नासिरचा चेहरा आहे. तो फोटो वडिलांनीच काढलेला. अल्बममधल्या एका गाण्याच्या शेवटी कॉर्नेट वाजतो, तोही वडिलांचाच.

दुसरी शाळा शेजार. त्याच इमारतीत राहणारा विल ग्रॅहम हा जिवलग दोस्त. गाणं कसं ऐकायचं, तबकडी कशी फिरवायची, हे दोघं मिळून शिकले. 1992 च्या मे महिन्यात विलचा गोळी लागून मृत्यू झाला. त्याच रात्री नासिरच्या धाकट्या भावालाही गोळी लागली, तो वाचला.

तिसरी शाळा वस्तीतले थोरले. मार्ली मार्ल, एमसी शॅन, रॉक्सॅन शांते ही क्वीन्सब्रिजचीच मंडळी, आणि त्यांनी रेडिओ गाजवलेला. आपल्या जिन्यावरून उतरणारा माणूस रेडिओवर ऐकू येतो, याचा पोरांच्या मनावर काय परिणाम होतो हे शिक्षकांना कळायला हवं.

चौथी शाळा स्टुडिओ. लार्ज प्रोफेसर या तरुण संगीतकाराने पंधरा-सोळा वर्षांच्या नासिरला हाताशी धरलं. एरिक बी आणि रकीम या नावाजलेल्या जोडीसाठी घेतलेल्या स्टुडिओच्या वेळेतून उरलेले तास तो या पोराला द्यायचा. 1991 मध्ये त्याच्याच गटाच्या एका गाण्यात नाझचा आवाज जगाने पहिल्यांदा ऐकला. पुढे एमसी सर्चने त्याला कोलंबियाच्या दारापर्यंत नेलं. मग एका अल्बमवर लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि वस्तीतलाच एल.ई.एस. असे वेगवेगळे संगीतकार बसले. तेव्हा एका अल्बमला साधारण एकच संगीतकार किंवा एकच चमू असायची पद्धत होती.

याला उर्दूत एक शब्द आहे: इस्लाह. शागीर्द गझल लिहितो, उस्ताद काफिया तपासतो, सैल शब्द काढतो, ओळ घट्ट करतो. 'न्यूयॉर्क स्टेट ऑफ माइंड'चं पहिलं कडवं नाझने एका दमात ध्वनिमुद्रित केलं, असं डीजे प्रीमियर सांगतात. व्हिडिओवाले हा किस्सा उचलतात आणि म्हणतात, बघा, दैवी देणगी! त्या एका दमामागे उस्तादांच्या पायाशी काढलेली वर्षं आहेत, ती कोण मोजणार?

आणि संगीत? 'द वर्ल्ड इज युवर्स'च्या मागे जो पियानो वाजतो तो अहमद जमाल यांचा, 1970 च्या ध्वनिमुद्रणातला. पिट्सबर्गचे हे थोर जाझ वादक. जन्मनाव फ्रेडरिक रसेल जोन्स, तरुणपणी इस्लाम स्वीकारून अहमद जमाल झाले. शेवटच्या गाण्यात मायकल जॅक्सनच्या 'ह्यूमन नेचर'चे सूर आहेत. म्हणजे आधीच्या पिढ्यांचा सगळा ठेवा पाठीशी घेऊन हा पोरगा उभा आहे. 'स्वयंभू' हा शब्द मंदिरासाठी ठेवा, माणसाला लावू नका.

आता माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप. 'मॅडम, त्यात शिव्या आहेत, पिस्तुलं आहेत, गांजा आहे. हे तुम्ही मुलांसमोर ठेवणार?' आक्षेप खोटा नाही. या अल्बममध्ये बायका जवळजवळ नाहीत, आणि जिथे आहेत तिथे शब्द मला सहन होत नाहीत. त्याचं समर्थन मी करणार नाही. सहावी-सातवीच्या वर्गात मी तो लावणारही नाही.

पण 'वन लव्ह' हे गाणं एकदा लक्ष देऊन ऐका. ती तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. तुझं मूल झालं, कसं दिसतं. बाहेर कोण काय बोलतंय. तुझ्या आईला भेटलो. खुशाली कळवायची साधी पत्रं. पत्राला गप्पांचं रूप देणाऱ्या गालिबच्या भाषेत मी रोज शिकवते, म्हणून सांगते, हा पत्रलेखनाचा अव्वल नमुना आहे. शेवटच्या भागात कवीला बाकावर एक मुलगा भेटतो. वय वर्षं बारा. अंगात गोळी न शिरणारं जाकीट. तो माल विकतो. कवी त्याला हटकत नाही, उपदेशाचं व्याख्यान झोडत नाही. शेजारी बसतो, बोलतो, सावध राहायला सांगतो.

बारा वर्षांचा मुलगा म्हणजे सातवीतला. माझ्या वर्गातला. शिव्यांनी ज्यांचे कान दुखले त्यांचं मन या मुलाने दुखलं नाही का?

आणि कारागिरी? काफिया ओळीच्या शेवटी येतो असं आपण शिकवतो. नाझच्या ओळीत तो मध्येच तीन-चार ठिकाणी उगवतो, एकेका अक्षराचा नव्हे तर अख्ख्या शब्दसमूहांचा, आणि तरी बोलणं बोलण्यासारखंच राहतं. यमक, अंतर्यमक, अनुप्रास या व्याख्या घोकून घेणाऱ्या आपल्या व्याकरणाच्या तासाला याहून जिवंत उदाहरण कुठून आणणार?

आता वारशाकडे येऊ. अल्बम सुरुवातीला काही धो धो खपला नाही. पाच लाखांचा टप्पा गाठायला 1996 उजाडलं, दहा लाखांसाठी 2001. मग मात्र सन्मानांची रांग लागली. 2010 मध्ये मायकल एरिक डायसन आणि सोहेल दौलतझाई यांनी संपादित केलेला ग्रंथ आला. त्यात एकेका गाण्यावर एकेका अभ्यासकाचा लेख. 2013 मध्ये हार्वर्डची फेलोशिप. 2014 मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने सादरीकरण. 2021 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून त्याची नोंद केली. हे सगळं योग्यच झालं. पण विद्यापीठाने माळ घातली म्हणून शाळेचा हिशेब चुकता होत नाही.

2014 मध्येच 'टाइम इज इलमॅटिक' नावाचा माहितीपट आला. त्यात अल्बमच्या वेळचा एक फोटो आहे. वसाहतीतली बरीच पोरं एकत्र उभी आहेत, मध्ये नाझ. नाझचा भाऊ तो फोटो बघत एकेकावर बोट ठेवतो आणि सांगत जातो: हा तुरुंगात, हा इतकी वर्षं आत, हा खटल्यात अडकलेला. हुनरवाला वर येतोच म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग बघावा. एका फोटोतून एक जण हार्वर्डला गेला, म्हणून बाकीचे बेहुनर होते काय? की त्यांच्या वाट्याला लार्ज प्रोफेसर आला नाही?

हे सगळं मराठीत का लिहायचं? कारण ही गोष्ट मुंबईपर्यंत आलेली आहे. 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नाझचं नाव आहे. ज्यांच्या आयुष्यावरून तो चित्रपट सुचला त्यातला नेझी कुर्ल्याचा. आपल्या वस्त्यांतली पोरं आज हिंदी, दखनी, मराठीत रॅप लिहितात. वहीच्या मागच्या पानावर लिहितात, कारण पुढचं पान आम्ही तपासतो. चित्रपट बघून आपण टाळ्या वाजवल्या, आणि 'आठवी पास, तरी हिरो' हे तात्पर्य इथेही चिकटवलं.

आपल्याकडे तर आठवी या शब्दाला कायद्याचं वजन आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. त्यापुढे हक्क नाही, नशीब आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी उर्दू शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढची शाळा लांब, भाषा वेगळी, फी वेगळी. जूनमध्ये नववीच्या यादीत नावं कमी होतात आणि मुलगा गॅरेजमध्ये किंवा जरीच्या कारखान्यात, मुलगी घरात दिसू लागते. अशा मुलांसमोर उभं राहून 'नाझनेही आठवीतच सोडली होती' असं सांगणं म्हणजे प्रेरणा नव्हे. तो धडधडीत गुन्हा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. नाझचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या. त्याची वही घ्या, त्याचे उस्ताद घ्या, वडिलांची पुस्तकं आणि आईची नोकरी घ्या, विलची कबर घ्या. आठवीच्या पुढे प्रत्येक उर्दू शाळेला नववी-दहावीचे वर्ग मागा. ज्या शाळेत भाषेचा शिक्षक आहे तिथे आठवड्याला एक तास मुलांच्या मागच्या पानासाठी ठेवा. त्याला सरकारी परवानगी लागत नाही. आणि पुढच्या वेळी कोणी माइक हातात घेऊन ही गोष्ट सांगू लागला, तर हात वर करून एकच विचारा: साहेब, फोटोतल्या बाकीच्या पोरांचं काय झालं?