उभ्या गाडीचा गुन्हा काय?

ज्याने नुकसान केले त्याने ते भरून द्यावे, हे तत्त्व सांगायला कायदेपंडिताची आवश्यकता नाही. एकाची गुरे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली, तर भरपाई गुरांच्या धन्याने द्यावयाची असते. ती पिकाच्या धन्याकडून वसूल करावी असे गावातला कोणताही पंच म्हणणार नाही. शहरातील रस्त्यावर मात्र नेमके हेच घडत आहे. कडेला नियमाप्रमाणे उभ्या असलेल्या मोटारीला एखादे वाहन घासून किंवा धडकून जाते, आणि दरवाजा, बंपर, दिवे यांचा खर्च अखेर त्या उभ्या गाडीच्या मालकाच्याच माथी बसतो. चालत्या दोन वाहनांच्या टकरीत दोष कोणाचा, यावर वाद होऊ शकतो. नियमाने उभ्या केलेल्या रिकाम्या गाडीच्या बाबतीत तो वादही संभवत नाही. तरीही भुर्दंड निर्दोषालाच का?

कायदा नाही, अशी सबब सांगता येणार नाही. वाहनामुळे इतरांना पोचणाऱ्या हानीचा विमा या देशात १९४६ पासून सक्तीचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने ती सक्ती कायम ठेवली, आणि या विम्यात इतरांच्या मालमत्तेचे नुकसानही येते. खाजगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत त्याची मर्यादा साडेसात लाख रुपये आहे. हप्त्यातले थोडे रुपये वाचविण्यासाठी मालकाने सहा हजारांची मर्यादा पत्करली असेल, तेवढा अपवाद. अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास चालकाने पोलिसांना व आपल्या विमा कंपनीला खबर दिली पाहिजे, असे कलम १३४ सांगते. म्हणजे धडक देणाऱ्याच्या हप्त्यात ही भरपाई आधीच वसूल झालेली आहे. प्रश्न एवढाच, की ती नुकसान सोसणाऱ्याच्या हाती पडते का?

ती मिळविण्याचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. तेथे मृत्यूचे आणि कायमच्या अपंगत्वाचे दावे तुंबलेले असतात, आणि त्यांना अग्रक्रम मिळणे न्याय्यच आहे. चेपलेल्या दरवाजासाठी तेथे चालक, मालक आणि कंपनी या तिघांवर नोटिसा बजावायच्या, वकील द्यायचा, तारखांना कामावरची रजा टाकायची. खर्च नुकसानीहून मोठा होतो, आणि मग सर्वजण एकच सल्ला देतात: "भांडत कशाला बसता? तुमचाच विमा आहे ना, त्यातून घ्या!"

हा सल्ला किती महागात पडतो, याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रंगकामातील सामानाचाही निम्मा खर्च मिळत नाही. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीच्या मालकाने पहिले १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीच्या मालकाने २,००० रुपये स्वतः सोसायचे असतात. घसारामाफीचे कलम हवे, तर त्यासाठी वेगळा हप्ता. लहान गाडीचा सहा हजारांचा प्लास्टिकचा बंपर बदलला, तर मजुरी सोडून जेमतेम दोन हजार हाती येतात.

पण खरी मेख पुढे आहे. दावा न करणाऱ्यास हप्त्यात जी सूट मिळते, ती नो क्लेम बोनस म्हणून ओळखली जाते. ती २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी पाच पायऱ्यांनी वाढते; एक दावा केला की शून्यावर येते. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता दहा हजार रुपये धरला, आणि मालक ५० टक्क्यांच्या पायरीवर असला, तर पुढील पाच नूतनीकरणांत त्याला अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जादा भरावे लागतात. बेरीज १२,५०० रुपये. दोन हजार मिळविण्यासाठी साडेबारा हजार! चूक कोणाची होती, हा प्रश्न या हिशेबात विचारलाच जात नाही. सुज्ञ मालक अर्थातच दावा करीत नाही, गुपचूप गॅरेजचे बिल भरतो. आणि ज्याच्याकडून भरपाई यावयाची ती दुसरी कंपनी नामानिराळी राहते.

मोटार म्हणजे श्रीमंती, तेव्हा श्रमिकांच्या चळवळीने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. रस्त्यावर रात्र काढणाऱ्या गाड्या बंगलेवाल्यांच्या नसतात. त्यांच्या गाड्या कुलूपबंद आवारात असतात. चाळींच्या आणि वसाहतींच्या गल्ल्यांत उभी असते ती कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेली टॅक्सी, रिक्षा, माल वाहणारा टेंपो, कारकुनाची जुनी मोटार. टॅक्सी चार दिवस गॅरेजमध्ये पडली की चार दिवसांची कमाई बुडते, पण सर्वसाधारण पॉलिसी असे आनुषंगिक नुकसान भरून देत नाही. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्याने केवळ सक्तीचा विमा उतरवला आहे, त्याच्या हाती तर गॅरेजच्या बिलावाचून काहीच उरत नाही.

धडक देणारा पळून गेला, तर अंधार अधिकच गडद होतो. अज्ञात वाहनाने मृत्यू ओढवल्यास दोन लाख व गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मालमत्तेच्या नुकसानीला तिच्यात स्थान नाही. पळणाऱ्याचा क्रमांक सापडला, तरी त्याचा विमा असेलच असे नाही. रस्त्यावरील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याकडे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये लक्ष वेधले आहे. सक्ती कायद्याच्या पुस्तकात आणि मोकळीक रस्त्यावर, असा हा कारभार आहे.

विमा हा समाजाने एकत्र येऊन संकट वाटून घेण्याचा मार्ग आहे, या भूमिकेतून १ जानेवारी १९७३ रोजी १०७ कंपन्यांचा सर्वसाधारण विमा व्यवसाय राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि त्यातून चार कंपन्या उभ्या राहिल्या. २००० साली हे क्षेत्र पुन्हा खाजगी भांडवलाला खुले झाले. २००७ मध्ये स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे करण्यात आले, स्पर्धेने ग्राहकाचे भले होईल असे सांगण्यात आले. दर मोकळे झाले. घसाऱ्याचे आणि बोनसचे कोष्टक मात्र जुन्या टॅरिफमधलेच राहिले. सरकारी कंपन्याही याला अपवाद नाहीत, हे कबूल केलेच पाहिजे. मालकी बदलली तरी विमेदाराला वचक ठेवता येत नसेल, तर त्याच्या पदरी फारसे काही पडत नाही.

तोवर वाहनधारकाने आपला हक्क आपण होऊन सोडू नये. गाडी हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, धडक देणाऱ्याचा क्रमांक व साक्षीदारांची नावे टिपावीत, जवळपासच्या कॅमेऱ्यांतील चित्रण पुसले जाण्याआधी मागावे, पोलीस ठाण्यात लेखी खबर देऊन पोच घ्यावी. स्वतःच्या विम्यातून दावा करण्याचा विचार असेल, तर कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. आणि दावा करण्याआधी बोनसचा हिशेब अवश्य करावा. धडक देणाऱ्याच्या कंपनीकडे लेखी मागणी करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज करता येतो. स्वतःच्या कंपनीने अन्याय केल्यास प्रथम तिच्याकडे तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

परंतु एकट्यादुकट्याच्या दक्षतेने व्यवस्था बदलत नाही. त्यासाठी चार मागण्या टॅक्सी-रिक्षा संघटनांनी व ग्राहक चळवळीने एकत्रितपणे मांडल्या पाहिजेत. उभ्या वाहनाला धडक बसली असेल आणि धडक देणारा ज्ञात असेल, तर निर्दोष मालकाचा बोनस कापू नये. अपघाताची खबर मिळताच कंपनीने अधिकारी नेमावा आणि त्याने तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, ही २०१९ च्या दुरुस्तीतील पद्धत मालमत्तेच्या लहान दाव्यांना न्यायाधिकरणाची पायरी न चढता लागू व्हावी. विमा लोकपालाचे दार आज केवळ कंपनीच्या स्वतःच्या विमेदाराला उघडे आहे. ते दुसऱ्याच्या विमेदाराकडून नुकसान झालेल्यालाही उघडावे. आणि ज्या वाहनावर कुटुंबाचे पोट चालते, त्याला अज्ञात वाहनाने केलेल्या नुकसानीसाठी मदतनिधी असावा.

यांपैकी एकाही मागणीसाठी सरकारी तिजोरी रिकामी करावी लागणार नाही. त्रयस्थाच्या नुकसानीचा हप्ता देशभरातील वाहनधारक दरवर्षी भरतच आहेत. ज्या कामासाठी तो घेतला जातो, त्या कामासाठी तो खर्च व्हावा, एवढेच मागणे आहे. आणि ते दयेचे नव्हे, हक्काचे आहे.