घर ‘ब्रोकन’ नसते

इंग्रजीतला ‘ब्रोकन’ हा एकच शब्द किती ठिकाणी चालतो! काच ब्रोकन, दोरी ब्रोकन, हाड ब्रोकन आणि वचनही ब्रोकन. मराठीत मात्र काच फुटते, दोरी तुटते, हाड मोडते, कापड फाटते. फुटलेली काच पुन्हा एकजीव होत नाही, पण मोडलेले हाड जुळते. वुजू तुटला तर पुन्हा करता येतो, रोजा मोडला तर त्याची कजा ठेवता येते. धुळ्याच्या यंत्रमागांवर धागे तुटतच असतात. कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुढे विणू लागतो. एका धाग्यापायी कोणी अख्खे ठाण टाकून देत नाही.

हाच शब्द आता माणसांना चिकटू लागला आहे. जळगाव-धुळ्याकडे नात्याची बोलणी सुरू झाली की कोणीतरी हळूच सांगते, “मुलगी चांगली आहे, पण ब्रोकन फॅमिलीतली आहे.” तलाक किंवा खुला झाला तो आई-वडिलांचा. शिक्का मात्र लेकरावर बसतो. शाळेतही मूल जरा गप्प बसले की कारण आधीच ठरलेले असते.

आपली भाषा इथे जास्त न्यायी आहे. आपण ‘संसार मोडला’ म्हणतो. नवरा-बायकोचा संसार मोडू शकतो, पण नानीच्या किंवा मामूच्या घरी ज्या लेकराला वेळेवर भाकरी आणि माया मिळते, त्याचे घर शाबूत असते. कुरआननेही विभक्त व्हायचे तर भलेपणाने व्हा, असे सांगितले आणि दूध पिणाऱ्या बाळाच्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर ठेवली. निकाहचे नाते संपले तरी बापपण संपत नाही.

आदरणीय पैगंबर (स.) यांच्या जन्माआधीच वडील वारले, सहाव्या वर्षी आईही गेली. आधी आजोबांनी, मग चाचा अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. त्या घराला ‘ब्रोकन’ म्हणायला आपली जीभ रेटेल का?

उर्दूत ‘जब्र’ म्हणजे सक्ती. अरबीत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : मोडलेले हाड बसवणे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी गणिताच्या ग्रंथाच्या नावात ‘अल-जब्र’ हा शब्द घातला, त्यावरून ‘अल्जेब्रा’ आला. जुन्या स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. अल्लाहच्या ‘अल-जब्बार’ या नावाचा एक अर्थही उलमांनी ‘मोडलेले सांधणारा’ असा सांगितला आहे.

तेव्हा भगिनींनो, बंधूंनो, स्थळाची चौकशी करताना मुलीचा स्वभाव विचारा, शिक्षण विचारा, दीन विचारा. आई-वडिलांच्या तलाकचा हिशोब तिच्याकडे मागू नका. शेजारी असे लेकरू असेल तर ईदच्या दिवशी त्याला आधी हाक मारा. सांधणारा अल्लाह आहे. आपण निदान मोडलेल्या जागी बोट दाबू नये.