गर्भसंस्कार आणि गॅलरीतला धूर

थाटाने डोहाळजेवण करायचे, सायंकाळी गर्भसंस्काराचे मंत्र लावायचे, आणि होणाऱ्या पित्याने गॅलरीत उभे राहून सिगारेट पेटवायची! सुशिक्षित म्हणवणाऱ्या घरांतील ही विसंगती आता कुणाला खटकतही नाही. धूर दाराशी थांबत नाही. त्यातील कार्बन मोनॉक्साईड मातेच्या रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटिन वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकुंचित करते.

धूम्रपान करणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखवून ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ म्हणणे सोपे आहे. ते अगदीच खोटेही नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर संचलनात तरुणींच्या हाती सिगारेट देऊन तिला ‘स्वातंत्र्याची मशाल’ ठरवणारा एडवर्ड बर्नेज हा तंबाखू कंपनीचा पगारी प्रचारक होता. पण आपल्या माजघरातील मशेरीचे काय? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू (त्यात मुख्यत्वे मशेरीच) वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. ‘आमच्या आजीही लावत होत्या’ हे समर्थन तर हास्यास्पदच. ज्या तंबाखूला परंपरा म्हणून कवटाळले जाते, ती या देशात आणली पोर्तुगीजांनी!

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत धूम्रपान सुटले, तर बाळाच्या वजनाची हानी बव्हंशी टळते. त्या मुदतीत एकट्या सुनेला ‘सोड’ म्हणून भागणार नाही. सासूबाईंची मशेरीची डबी आणि चिरंजीवांचे पाकीट, दोन्ही त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजेत.